टपाल आणि बांधणीचे पैसे किती घ्यावेत?

पुण्याच्या एका ग्राहक बाईंनी मला एकदा मी पाठवलेल्या पार्सलाचा फोटो पाठवला. खोक्यावरच्या पावतीतल्या ₹४८ या आकड्याभोवती त्यांनी पेनाने गोल काढला होता आणि खाली लिहिलं होतं, "काकू, टपालाला एवढेच लागले. मग माझ्याकडून ₹१०० का घेतलेत?"

मी उत्तर लिहायला घेतलं, की खोकं लागतं, बबल रॅप लागतं, पोस्टात जायला रिक्षा लागते. लिहितालिहिता वाटलं, आधी बेरीज तर करून पाहू. बेरीज ₹३२ झाली. म्हणजे एकूण ₹८०. वरचे ₹२० कशाचे, हे मला सांगता येईना. त्याच दुपारी ते परत पाठवले. आणि त्याच महिन्यात बंगळुरूला पाठवलेल्या एका समईचे मी ₹१५० घेतले होते आणि कुरिअरला ₹४१० मोजले होते. एकीकडून जास्त घेतले, दुसरीकडे पदरचे गेले. दोन्हीचं कारण एकच होतं, मी आकडा अंदाजाने ठरवत होते.

तेव्हापासून वही ठेवली. प्रत्येक पार्सलाचं वजन, माप, पिनकोड, पावती आणि ग्राहकाकडून घेतलेले पैसे, एका ओळीत. त्या वहीतून जे हाती लागलं ते इथे सांगते आहे.

मी इंदूरला रामबागेत राहते. होळकरांच्या काळापासून इथे रुजलेली मराठी घरं आता एकेक करून रिकामी होत आहेत. मुलं पुण्याला, बंगळुरूला, परदेशात. घर विकायचं ठरलं की माळ्यावरून पुस्तकांच्या ट्रंका निघतात, पितळेची भांडी निघतात, लोणच्याच्या बरण्या निघतात. हे सगळं मी विकत घेते, पुसून-घासून फोटो काढते आणि ऑनलाइन विकते. घेणारे बहुतेक महाराष्ट्रातले. माझा माल एकतर सपाट आणि जड, नाहीतर उंच आणि बेढब, नाहीतर फुटणारा. त्यामुळे टपालाच्या हिशेबातल्या बहुतेक अडचणी माझ्या ओट्यावर येऊन गेल्या आहेत.

आधी बांधा, मग तोला

वस्तू तोलून दर सांगू नका. बांधलेलं पार्सल तोला. सुरुवातीला मी ४६० ग्रॅमचं पुस्तक पाहून "अर्ध्या किलोच्या आत" म्हणून पैसे घेतले आणि जीपीओच्या, म्हणजे मुख्य पोस्टाच्या, खिडकीवर ऐकलं, "आंटीजी, पाँच सौ चालीस है, अगला स्लैब लगेगा." ८० ग्रॅम पुठ्ठा, प्लास्टिक आणि टेपचे होते. टपाल असो की कुरिअर, दर वजनाच्या टप्प्यांवर चालतो. टप्पा ओलांडणारा एक ग्रॅमसुद्धा पुढच्या टप्प्याचे पूर्ण पैसे घेतो.

म्हणून पहिली खरेदी काट्याची. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुस्तकांना पुरतो. पितळ विकायचं असेल तर दहा किलोपर्यंतचा घ्या. पहिली चार-पाच पार्सलं घरी तोलून पावतीवरच्या वजनाशी ताडून पाहा. माझा काटा १५ ग्रॅम कमी दाखवतो, हे मला असंच कळलं. टप्प्याच्या सीमेपासून ३० ग्रॅमच्या आत वजन आलं की मी वरचाच टप्पा धरते. खिडकीवर खालचा लागला तर फरक परत करते.

टप्पा थोडक्यात ओलांडला जात असेल तर बांधणी हलकी करता येते का ते जरूर पाहा. पातळ पुस्तकाला खोक्याची गरज नसते. पुस्तकापेक्षा चारी बाजूंनी एक इंच मोठे पुठ्ठ्याचे दोन तुकडे घ्यायचे, मध्ये प्लास्टिकच्या पिशवीत पुस्तक आणि चारी कडांना टेप. पण तो एक इंच सोडू नका. पार्सल पडतं ते कोपऱ्यावर, आणि जुन्या पुस्तकाचा कोपरा एकदा चेपला की तो पुन्हा सरळ होत नाही.

दर पाहताना आणखी एक गोष्ट बघा. छापील दरपत्रकातला आकडा बऱ्याचदा कराआधीचा असतो. त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. ₹१०० म्हणून सांगितलेलं टपाल ₹११८ ला पडतं. शंभर पार्सलांमागे हे ₹१,८०० होतात. आणि दर बदलतात. २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून स्पीड पोस्टचे नवे दर आले. माझ्या यादीतले आकडे एका रात्रीत शिळे झाले. आता दरांच्या कागदावर, दर शेवटचे कधी तपासले ती तारीख मी ठळक लिहून ठेवते.

पुस्तकं विकणाऱ्यांनी टपाल खात्याच्या ज्ञान पोस्टची चौकशी करावी. १ मे २०२५ पासून ही सेवा आहे. ३०० ग्रॅमपर्यंत ₹२० पासून ५ किलोपर्यंत ₹१०० असा दर आहे, कर वेगळा. पाठ्यपुस्तकं आणि सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक पुस्तकं यातून जातात. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव हवं. दिवाळी अंक मात्र यात बसत नाहीत, कारण ते जाहिरातींनी भरलेले असतात. पार्सल जमिनीवरच्या मार्गाने जातं, त्यामुळे वेळ जास्त लागतो, पण ते कुठवर पोचलं ते बघता येतं. पुस्तक यात बसत असेल तर मी ग्राहकाला दोन्ही दर सांगते. स्वस्त सेवेने पाठवायचं आणि महाग सेवेचे पैसे घ्यायचे, हे मला चोरीसारखंच वाटतं.

बांधणीचा खर्च पैशापैशाने काढा

लोक इथेच "साधारण पन्नास धरू" म्हणतात. धरू नका. एकदा बसून हिशेब काढला की सहा महिने पुरतो. माझ्या एका पुस्तक-पार्सलाचा हिशेब असा. तीन पदरी पुठ्ठ्याचं लहान खोकं, इंदूरच्या सियागंज बाजारातून पन्नास एकदम आणलं तर, ₹११. आतली प्लास्टिकची पिशवी ₹२. बबल रॅपचं ५० मीटरचं गुंडाळं ₹६०० ला, त्यातला अर्धा मीटर, ₹६. टेपची ६५ मीटरची गुंडाळी ₹४५ ला; एका खोक्याला अडीच मीटर लागते, म्हणजे पावणेदोन रुपये. पत्त्याचा कागद ₹१. सगळे मिळून ₹२२ च्या आत. त्यात पोस्टाची फेरी. मी फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी जाते, जाऊन-येऊन ₹१०० लागतात आणि साधारण दहा पार्सलं असतात. म्हणून प्रत्येकी ₹१०. एकूण ₹३२. पूर्वी ऑर्डर आली की त्याच दिवशी धावायचे, तेव्हा फेरीचा खर्च तिप्पट पडायचा. फेरीचे वार ठरवून ग्राहकाला आधी सांगितले तर कुणाची तक्रार नसते आणि त्याचे पैसेही वाचतात.

खोकं जुनं वापरत असाल, किराणा दुकानातून फुकट मिळालेलं, तर त्याचे पैसे घेऊ नका. पार्सलात चिठ्ठी ठेवा की खोकं पुन्हा वापरलेलं आहे आणि त्याचे पैसे लावलेले नाहीत. लोकांना हे आवडतं. फक्त खाद्यतेलाचं किंवा मसाल्याचं खोकं पुस्तकांना नको, वास कागदात महिनोन्‌महिने राहतो. पावसाळ्यात, जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंत, मी बाहेरून प्लास्टिकचा आणखी एक थर देते. त्याचे ₹३ वाढतात आणि ते मी लिहूनच घेते.

आता आपल्या वेळेचं काय? यावर माझं मत पक्कं आहे. बांधायला लागणारा वेळ वस्तूच्या किमतीत धरावा, टपाल-बांधणीत नाही. "टपाल व बांधणी" वाचणारा माणूस असं समजतो की हे पैसे आपल्या हातून पोस्टाकडे आणि पुठ्ठेवाल्याकडे जाणार. त्यात मजुरी मिसळली की पावतीवरचा आकडा आणि आपला आकडा जुळत नाही, आणि ते पुण्याच्या बाईंसारखं कुणीतरी एक दिवस बघतंच. अपवाद एकच. ग्राहकाने मुद्दाम भेटवस्तूसारखी बांधणी मागितली, तर तिचे पैसे वेगळ्या ओळीत, वेगळ्या नावाने.

कराचं थोडक्यात. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही आणि माझी बहुतेक विक्री पुस्तकांची, हे मी सीएला दाखवून घेतलं आहे. पण तुमची नोंदणी असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. केंद्रीय जीएसटी (सीजीएसटी) कायद्याच्या कलम १५ प्रमाणे बांधणीसारखा आनुषंगिक खर्च वस्तूच्या मूल्यातच धरला जातो आणि त्यावरही कर लागतो. तो आधी धरला नाही तर वर्षअखेरीस खिशातून जातो.

खोकं जागा किती अडवतं

समईला ₹४१० का लागले, हे कळायला मला वेळ लागला. समई ३ किलो २०० ग्रॅमची होती, मी साडेतीन किलोचा दर पाहिला होता. पण कुरिअरवाले खोक्याचं मापही घेतात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५००० ने भागायचं. येईल ते किलो. हे मापाचं वजन आणि काट्यावरचं वजन यांत जे जास्त, त्याचे पैसे. भाजक काही ठिकाणी कमी असतो आणि तेव्हा पैसे वाढतात. म्हणून कुरिअर ठरवताना पहिला प्रश्न तोच विचारा.

माझं खोकं ६५ बाय २२ बाय २२ होतं. गुणाकार ३१,४६०, भागिले ५०००, सहा किलो तीनशे. तीन किलो दोनशेच्या समईचे मी सहा किलोंच्या वरचे पैसे भरले होते, आणि अर्धं खोकं तर रद्दीने भरलेलं होतं.

उपाय समईतच होता. समई सुटते. बैठक, दांडा, वाटी आणि शेंडा आट्यांवर बसवलेले असतात. जुनी समई असेल तर आटे काजळी-तेलाने घट्ट झालेले असतात; त्यात दोन थेंब खोबरेल सोडून रात्रभर ठेवलं की सकाळी सुटतात. आता मी प्रत्येक भाग वेगळा गुंडाळते, कारण पितळ पितळाला घासलं की चरे पडतात. मग सगळं ३२ बाय २४ बाय २२ च्या खोक्यात बसतं. १६,८९६ भागिले ५०००, तीन किलो चारशेच्या आत. बांधल्यावर काट्यावरचं वजन तीन किलो सहाशे, म्हणजे आता खऱ्या वजनाचेच पैसे लागतात. भाग कसे जोडायचे त्याची चार ओळींची चिठ्ठी आत घालते. समया पाठवताना आजवर इतका फरक दुसऱ्या कशानेही पडलेला नाही.

बरणीचं मात्र असं होत नाही. चिनी मातीची बरणी दोन खोक्यांत बांधावी लागते. आतल्या खोक्यात बबल रॅपने गच्च, आणि आतल्या व बाहेरच्या खोक्यामध्ये चारी बाजूंनी, वर आणि खाली पाच सेंटिमीटर भरणी. २५ सेंटिमीटर उंच बरणीला बाहेरचं खोकं ४० बाय ३२ बाय ३२ होतं. ४०,९६० भागिले ५०००, आठ किलोंच्या वर. बरणी तीन किलोची! बांधणीचं सामानच ₹११० च्या पुढे जातं. दोनदा मी भरणी कमी करून पैसे वाचवायला गेले आणि दोन्ही बरण्या फुटून पोचल्या. त्यातली एक ठाण्याच्या ज्या बाईंनी घेतली होती, त्यांच्या आजीकडे अगदी तशीच होती. पैसे परत केले, पण त्यांचा आवाज अजून आठवतो. आता बरण्या मी फक्त इंदुरात विकते, घरी येऊन घेऊन जा म्हणते. बाहेरगावच्या कुणाला हवीच असेल तर किमतीआधी टपालाचा आकडा सांगते. काही वस्तूंचा रास्त टपालखर्च वस्तूपेक्षा जास्त असतो, आणि तेव्हा ते आधी सांगणं हाच रास्तपणा.

कुठल्या पिनला किती

अंतराप्रमाणे दर बदलतो. सगळ्यांना एकच दर लावायचा की प्रत्येकाला वेगळा? वेगळा सांगणं सर्वांत बरोबर, पण दर ऑर्डरला विचारपूस होते आणि त्यात ग्राहक कंटाळून निघून जातो. मी मधला मार्ग काढला. पिनकोड. पिनकोडची पद्धत बसवली ती श्रीराम भिकाजी वेलणकर या आपल्या मराठी माणसाने. ते संस्कृतचे कवीही होते. १५ ऑगस्ट १९७२ ला ती सुरू झाली. पहिला आकडा विभाग सांगतो, आणि ४ या विभागात महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड येतात. आमचं इंदूर ४५२, पुणे ४११, नागपूर ४४०. माझे दहापैकी सात-आठ ग्राहक चारानेच सुरू होणारे. म्हणून मी पुस्तकांसाठी दोनच दर ठेवले. पिन ४ ने सुरू होत असेल तर एक, बाकी सगळ्यांना दुसरा.

आकडा काढायला वहीतली शेवटची वीस-वीस पार्सलं घेतली. चाराच्या विभागात एका पुस्तकाला टपाल आणि बांधणी मिळून सरासरी ₹७६ आली, सर्वांत कमी ₹६८, सर्वांत जास्त ₹८५. ₹७५ ठरवले. बाहेरची सरासरी ₹९८, तिथे ₹९५. खाली आणते ते जाणूनबुजून. सरासरीतले दोन-तीन रुपये आपण सोसावेत. पण कमी-जास्तीतला फरक ₹३० च्या वर जात असेल तर एकच दर ठेवू नका, टप्पा पाडा, नाहीतर जवळचा ग्राहक लांबच्याचे पैसे भरतो. पितळेला मी ठरावीक दर लावतच नाही. पिनकोड मागते, खोकं बांधून तोलते, मग सांगते.

"टपाल मोफत" हा पर्याय मी वापरत नाही. एकाच मापाची, एकाच वजनाची वस्तू विकत असाल, तर किमतीत टपाल धरायला हरकत नाही. पण माझ्याकडून लोक एकदम चार-पाच पुस्तकं घेतात. प्रत्येकाच्या किमतीत ₹७५ लपवले तर पाच पुस्तकांचा ग्राहक पाचदा टपाल भरतो आणि पार्सल एकच जातं.

एकत्र ऑर्डरचा नियम म्हणूनच पहिल्या दिवसापासून लिहून ठेवा. माझा असा. पहिल्या पुस्तकाला ₹७५, पुढच्या प्रत्येकाला फक्त वाढलेल्या वजनाचं टपाल, बांधणी पुन्हा नाही. दिवाळी अंकांना याचा फार उपयोग होतो. एकेक अंक अर्ध्या किलोच्या आसपास भरतो, एकटा पाठवला तर टपाल अंकाच्या किमतीइतकं होतं, आणि पाच मिळून पाठवले तर प्रत्येकी अगदी थोडं. मी स्वतःहून लोकांना सांगते, थांबा, आणखी दोन निवडा, मग एकदम पाठवते.

फरक पडला तर

प्रत्यक्ष खर्च घेतलेल्या पैशांपेक्षा ₹१५ हून जास्त कमी आला, तर मी त्याच दिवशी यूपीआयने फरक परत करते आणि पावतीचा फोटो पाठवते. उलट झालं, मला जास्त लागले, तर मागत नाही. दर मी सांगितला होता, चूक माझी. पार्सल निघाल्यावर "अजून चाळीस पाठवा" म्हणणं मला कधीच पटलं नाही.

पार्सल हाती आल्यावर ग्राहकाने रोख पैसे देण्याची सोय मी बंद केली आहे. पार्सल घ्यायला नकार मिळाला की जाण्याचे आणि येण्याचे, दोन्ही पैसे आपले. हा तोटा भरून काढायला बरेच विक्रेते सगळ्यांच्याच टपालखर्चात थोडी भर घालतात. म्हणजे जो ग्राहक पार्सल घेतो, तो न घेणाऱ्याचे पैसे भरतो. विमाही मी कुणाच्या गळ्यात मारत नाही. ₹३,००० च्या वरची वस्तू असेल तर विम्याचे किती पडतील ते वेगळं सांगते आणि निवड ग्राहकावर सोडते.

आकडा कुठे लिहायचा

पहिल्याच ठिकाणी, किमतीशेजारी. नियमित व्यवसाय म्हणून विकत असाल तर ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे एकूण किंमत एका आकड्यात आणि तिची फोड, टपाल आणि हाताळणीच्या खर्चासह, दाखवावीच लागते. शेवटच्या पायरीवर हळूच खर्च वाढवणं ही फसवी पद्धत असल्याचं केंद्र सरकारच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांतही म्हटलं आहे.

मी ग्राहकाला पाठवते तो मजकूर असा. हवा तर जसाच्या तसा घ्या, फक्त आकडे तुमच्या वहीतले घाला:

"नमस्कार. पुस्तकाची किंमत ₹२२०. टपाल ₹४३, बांधणी आणि पोस्टाची फेरी ₹३२, मिळून ₹७५. एकूण ₹२९५. आणखी पुस्तकं घेतलीत तर फक्त वाढलेल्या वजनाचं टपाल लागेल. पार्सल शुक्रवारी निघेल, पावतीचा फोटो पाठवेन. टपाल ₹१५ हून जास्त कमी लागलं तर फरक त्याच दिवशी तुमच्या खात्यात येईल. पिनकोड एकदा तपासून सांगाल का?"